भांडण झाल्यावर तुम्ही काय करता?

आमच्यात काही बिनसलं की मला ते त्याच रात्री मिटवायचं असतं. नवरा मात्र गप्प होतो, भिंतीकडे तोंड करून झोपतो. कितीतरी वर्षं मला ती शिक्षाच वाटायची. थॉमस आणि किल्मन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९७४ मध्ये भांडणाला सामोरं जायच्या पाच रीती मांडल्या: आपलंच रेटणं, टाळणं, नमतं घेणं, तडजोड आणि दोघांचंही साधेल असं काही शोधणं. प्रसंग पाहून पाचही कामाला येतात, असं ते म्हणतात. हे वाचलं आणि पहिल्यांदाच त्याला विचारलं, का रे गप्प होतोस? म्हणाला, "बोललो तर नको ते बोलून जाईन." तुमच्या घरी कसं असतं? मोकळेपणानं लिहा.

*

मी पर्वती चढते. अर्ध्या पायऱ्यांपर्यंत मनातल्या मनात भांडण चालूच असतं, मग दम लागतो. समोरच्याचं म्हणणं आठवतं ते उतरताना.

*

मी रडते. पोटभर. याला कुणी कमजोरी म्हटलेलं मला चालत नाही.

*

बांध कोरला यावरून वडील आणि काका अकरा वर्षं बोलले नाहीत. रात्री पाण्याची पाळी आली की वडील मला म्हणायचे, "काकाला सांग, पाणी सोडलंय." काका दहा पावलांवर बॅटरी घेऊन उभे असायचे. तरी मी जाऊन सांगायचो. शेवटी सरकारी मोजणी झाली, फरक निघाला हातभर. त्या अकरा वर्षांत दोन्ही घरची लग्नं एकमेकांविना झाली, याचं मला अजून वाईट वाटतं. आता चुलतभावाशी काही खटकलं तर त्याच संध्याकाळी त्याच्या गोठ्यात जाऊन बसतो. त्याची धार काढून होईपर्यंत कुणीच बोलत नाही, पण मी उठूनही येत नाही.

*

ऑफिसमधल्या ताणानं माझी झोपच उडाली होती. चालणं, प्राणायाम, सगळं करून पाहिलं. शेवटी १४४१६ ला फोन लावला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ही मोफत सेवा रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी मधे न तोडता ऐकून घेतलं. ज्यांना घरात बोलता येत नाही त्यांनी हा नंबर लिहून ठेवा.

*

ताई, मीही तुमच्या मिस्टरांसारखाच. राग आला की शब्दच फुटत नाहीत. हल्ली गप्प होण्याआधी एवढंच सांगतो, "सकाळी चहाच्या वेळी बोलू." आणि बोलतो. बायको म्हणते, तेवढ्यानं तिला झोप लागते.