मुलाखत जवळ आली की डोळ्यांची उघडझाप आणि नाक वर ओढणं : उपाय काय?

सदाशिवपेठी
धाकट्या भावासाठी विचारतोय. वय २३, राज्यसेवेची तयारी, रोज नऊ-दहा तास अभ्यासिकेत. मुलाखतीला दीड महिना आहे. दोन्ही डोळे घट्ट मिटतो आणि मागोमाग नाक वर ओढतो. वाचताना कमी होतं. कोणी समोर बसून प्रश्न विचारायला लागलं की सुरूच. तिसरी-चौथीत असताना असंच डोळे मिचकावायचा, ते आपोआप गेलं होतं. चष्म्याचा नंबर तपासून झालाय, ठीक आहे. घरचे "थांबव" म्हणाले की थांबवतो, पण दहा मिनिटांनी दुप्पट. ही नुसती सवय आहे की आजार? दीड महिन्यात काय करता येईल?

जास्वंद
वर्णनावरून टिक वाटतंय, म्हणजे आपोआप, पुन्हापुन्हा होणारी झटकेदार हालचाल. सवय आणि टिक यांत फरक आहे. टिकच्या आधी उबळ येते, खोकल्याची यावी तशी. पापणीच्या कडेला आवळल्यासारखं, नाकाच्या शेंड्याशी टोचल्यासारखं वाटतं आणि हालचाल केली की क्षणभर सुटका होते. त्या सुटकेमुळेच ती पक्की होत जाते. चिंता हे टिकचं मूळ नाही, पण चिंता, जागरण आणि कोणीतरी बघतंय ही जाणीव तिला वाढवते. लहानपणी साधारण चार ते सहा वर्षांच्या वयात सुरू होणं, दहा-बाराच्या सुमारास जोर धरणं, पुढे ओसरणं आणि ताणाच्या काळात पुन्हा डोकं वर काढणं, हे नेहमीचं चित्र आहे. म्हणून तिसरी-चौथीचा तपशील महत्त्वाचा. डॉक्टरांना तो आधी सांगा.

पण आधी या गोष्टी वगळायला हव्यात. एकच पापणी आतल्या आत थरथरत असेल तर ते वेगळं. आपण ज्याला डोळा लवणं म्हणतो आणि शुभ-अशुभ ठरवतो, तेच. जागरण आणि कॉफी कमी केली की बहुतेकदा काही दिवसांत जातं. चेहऱ्याच्या एकाच बाजूला डोळ्यापासून गालाकडे आचके जात असतील, झोपेतही चालू असतील किंवा त्या क्षणी शुद्ध हरपत असेल, तर थेट न्यूरॉलॉजिस्ट. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते : आम्लपित्ताच्या काही कॅप्सूलमध्ये लेवोसल्पिराइड असतं, उलटीच्या गोळ्यांत मेटोक्लोप्रमाइड. या औषधांनी चेहऱ्याच्या अनैच्छिक हालचाली होऊ शकतात. अभ्यासिकेतली मुलं मेसच्या जेवणावर अशा कॅप्सूल महिनोन्‌महिने मनाने घेतात. पाकिटावर घटक वाचून बघा.

नंबर ठीक म्हणजे डोळे ठीक असं नाही. अश्रू पुरेसे आहेत का, पापणीच्या आत अॅलर्जी आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. एसीखाली पुस्तकात डोकं घातलं की उघडझाप कमी होऊन डोळा कोरडा पडतो, आणि कोरडा डोळा टिकला निमित्त देतो.

त्रिदल
रोज १० मिनिटं त्राटक करायला सांगा. डोळे स्थिर होतात. शिवाय गुलाबपाण्याचे थेंब.

जास्वंद
@त्रिदल, या बाबतीत दोन्ही नको. पापणी न लववता बघत राहिलं की डोळा कोरडा होतो आणि उबळ वाढते. शिकायचंय ते सावकाश उघडझाप करणं, म्हणजे त्राटकाच्या नेमकं उलट. बाजारातलं गुलाबपाणी निर्जंतुक नसतं, ते डोळ्यांत घालू नये.

टेकडीवरचा
यावर पहिली पसंती हॅबिट रिव्हर्सल ट्रेनिंग या पद्धतीला दिली जाते, म्हणजे उबळ ओळखायची आणि टिकऐवजी दुसरी हालचाल करायची. अझ्रिन आणि नन यांनी ती १९७३ मध्ये मांडली. तिच्यावर आधारलेल्या व्यापक उपचाराची चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली : १२६ मुलं, १० आठवड्यांत ८ सत्रं. निम्म्याहून थोड्या जास्त मुलांत ठळक सुधारणा दिसली. नुसती माहिती आणि आधार दिलेल्या गटात साधारण पाचातल्या एकाला. २०१२ मध्ये मोठ्या माणसांवरही ती उपयोगी ठरली. म्हणजे दीड महिन्यात फरक पडू शकतो. पूर्ण बंद होईल असं धरून चालू नका.

पहिला आठवडा फक्त ओळखण्याचा. त्याच्या संमतीने, बोलत असताना २ मिनिटांचा व्हिडिओ घ्या. मग त्यानेच सावकाश बघून सांगायचं : आधी भुवई खाली येते की पापणी? नाक किती वेळाने? उबळ कुठे जाणवते? नंतर रोज दोनदा, ठरलेल्या वेळी, १० मिनिटं मोजणी. पूजासाहित्याच्या दुकानात बोटात घालायचं जपाचं काउंटर मिळतं, ते याला झकास. दिवसभर मोजत बसू नये, चेहऱ्यावर पाळत ठेवण्याचा नवा चाळा लागतो. पाचांतल्या चार वेळा टिक सुरू होताना किंवा त्याआधीच कळायला लागली की पुढे जा.

दुसरी पायरी प्रतिहालचाल, म्हणजे टिकला शरीरानेच अडवणारी पण कोणाला न दिसणारी हालचाल. डोळ्यांसाठी : दर ३ ते ५ सेकंदांनी मऊ, सावकाश उघडझाप, पापण्या टेकू द्यायच्या पण आवळायच्या नाहीत, नजर किंचित खाली आणि ५-१० सेकंदांनी दुसरीकडे. नाकासाठी : वरचा ओठ हलकेच खाली ओढून ओठ मिटायचे, श्वास नाकाने. उबळ आली की लगेच सुरू करायचं आणि १ मिनिट किंवा उबळ ओसरेपर्यंत, यातलं जे जास्त असेल तेवढं टिकवायचं. टिक होऊन गेली तरी करायचंच. "आता काय उपयोग" म्हणून सोडलं की मेंदूला जुनाच धडा मिळतो.

फसतं कुठे? जोर लावण्यात. ओठ दातांवर दाबून धरले की जबडा दुखतो आणि चेहरा रागीट दिसतो. दोन्ही टिक एकदम हाती घेण्यातही फसतं. इथे साखळीची सुरुवात डोळ्यांपासून आहे, म्हणून आधी डोळेच. आणि फक्त घरी, आरशासमोर सराव केल्याने. आरसा पहिल्या चार दिवसांपुरता. नंतर मेसमध्ये, बसमध्ये, फोनवर बोलताना. ओठ मिटणं ऐकताना जमतं, उत्तर देताना नाही, म्हणून बोलताना फक्त डोळ्यांचं चालू ठेवायचं.

"दुप्पट होतं" याबद्दल : मुलांमध्ये मोजून पाहिलं, तेव्हा दाबून ठेवल्यानंतर टिक मूळ पातळीच्या वर उसळल्याचं आढळलं नाही. नुकसान वेगळं आहे. नुसतं दाबून धरताना सगळं लक्ष चेहऱ्यात अडकतं आणि समोरचा प्रश्न कानांवरून जातो. घरच्यांनी "थांबव" हा शब्द बंद करावा. टिक दिसली तर गप्प. त्याने प्रतिहालचाल केलेली दिसली तर, तेही दोघांत आधी ठरलं असेल तरच, "जमलं" एवढंच.

सदाशिवपेठी
आभारी आहे. पुण्यात हे शिकवणारं कुठे मिळेल? गोळ्यांनी लवकर होईल का? आणि पॅनेलसमोर काय करावं?

ओपीडी_क्र_७
ससून रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवता येईल, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा. खासगीत जाणार असाल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारा. फोनवर एकच प्रश्न : "टिकसाठी हॅबिट रिव्हर्सल करता का?" उत्तरात नुसतं "समुपदेशन करतो" आलं तर दुसरा नंबर लावा. चिंता फार वाढली तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

गोळ्या आहेत : क्लोनिडीन, अॅरिपिप्रॅझोल, रिस्पेरिडोन. पण झोप, सुस्ती, वजन हे सगळं सोबत येऊ शकतं. मुलाखतीच्या तोंडावर सुस्ती परवडेल का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. क्लोनिडीन मध्येच सोडू नये, रक्तदाब उसळतो. चिंतेवरच्या गोळ्यांनी चिंता उतरते, टिक थेट जात नाही.

पॅनेलची तयारी पायऱ्यांनी. आधी एका मित्रासमोर १० मिनिटं, मग तिघांसमोर, मग अनोळखी लोकांच्या मॉक पॅनेलसमोर. प्रत्येक पायरी किमान तीनदा, मध्ये पळ न काढता. ऑनलाइन मॉकमध्ये स्वतःचा चेहरा दिसणारी चौकट बंद ठेवावी. पुण्यात दुचाकीवर स्कार्फ असतोच; त्याखाली टिक मोकळी सोडायची सवय लागते, तिथेही प्रतिहालचाल करावी. श्वास ४ मोजून आत, ६ मोजून बाहेर, ५ मिनिटं. मोठे श्वास भराभर घेतले तर गरगरतं आणि घाबरायला होतं.

आणि माझं मत, सांगून टाकावं. पहिल्या प्रश्नाआधी एक वाक्य : "माझ्या डोळ्यांची अशी हालचाल होते, ती टिक आहे, उत्तर देण्यात अडचण येत नाही." लपवण्याचं ओझं उतरलं की बऱ्याचदा उबळही सैल पडते. हे वाक्य मॉकमध्ये म्हणून बघायला सांगा, त्या दिवशी पहिल्यांदा नको.

टेकडीवरचा
+१. शेवटच्या आठवड्यात नवीन काही सुरू करू नका. झोप रोज सात तास, मोजणी पूर्ण बंद.