गर्दीच्या वेळची वेगतपासणी: आपले अनुभव लिहा

कामावर जाण्यायेण्याच्या वेळेत स्पीडगन घेऊन रस्त्याकडेला उभे असलेले पोलीस आपण सर्वांनी पाहिले आहेत, आणि गाड्या मुळात रांगत असताना वेग कसला मोजतात, हा प्रश्नही अनेकांना पडला असेल. दंड झाला की टळला एवढ्यावर न थांबता, तपासणीमुळे वाहतुकीत काय फरक दिसला, तेही सर्वांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. माझे निरीक्षण असे की, ऐन कोंडीत वेगाचा प्रश्न नसतोच. धोका असतो तो कोंडीच्या दोन्ही कडांना, म्हणजे गाड्या दाटीने धावत असतात पण अजून थांबलेल्या नसतात त्या वेळी, कारण तेव्हा वेग पुरेसा असतो आणि अंतर मात्र उरलेले नसते.

उड्डाणपुलावरचा

माझ्या रोजच्या वाटेवर पूल उतरताच तपासणी असते. उतारावर वेग आपोआप वाढलेला असतो, समोर गणवेश दिसतो, पहिला चालक ब्रेक दाबतो, त्याच्यामागचा त्याहून जोरात दाबतो आणि काही क्षणांत पुलाच्या माथ्यापर्यंत लाल दिवे लागतात. ज्यांनी वेगमर्यादा मोडलेली नाही तेही ब्रेक दाबतात, हे विशेष. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे आठवतो. त्यांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ गाड्या एकसारख्या वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. कोणताही अडथळा नसताना थोड्याच वेळात कोंडी तयार झाली आणि ती गाड्यांच्या उलट दिशेने सरकू लागली. चालकांच्या किरकोळ चढउतारांतून एवढे होत असेल, तर उताराच्या तळाशी अचानक दिसलेल्या पोलिसामुळे काय होईल? तपासणीला माझा विरोध नाही, तिच्या जागेला आहे.

निवृत्त वाहतूक पोलीस

वरील तक्रार रास्त आहे, परंतु जागा निवडताना आमचीही अडचण असते. वाहन बाजूला घ्यायला मोकळी कड हवी, आणि गर्दीच्या वेळी अशी कड फार थोड्या ठिकाणी असते. नसलेल्या जागी गाडी अडवली, तर अडवणेच अपघाताला निमंत्रण ठरते.

उपकरणांविषयीही गैरसमज आहेत. रडार परावर्तित लहरींच्या वारंवारतेतील बदलावरून वेग काढते, पण त्याचा झोत पसरत जातो, त्यामुळे दाट वाहतुकीत आकडा नेमका कोणत्या गाडीचा, हे ठरवणे अवघड होते. लेझरचा झोत अरुंद असतो, त्यामुळे एकच गाडी निवडता येते, मात्र मधे दुसरे वाहन आले की मोजणी तुटते. आणखी एक गोष्ट चालकांना सहसा ठाऊक नसते. आम्ही रस्त्याच्या कडेला, तिरक्या कोनात उभे असतो, आणि उपकरण एका जागी स्थिर असेल तर या कोनामुळे वेग खऱ्यापेक्षा कमीच दिसतो. कोन २५ अंशांचा असेल, तर ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सुमारे ७२-७३ दाखवते. तेव्हा ‘बाजूने मोजले म्हणून आकडा फुगला’ हा नेहमीचा युक्तिवाद उलटा आहे.

शाळेसमोर

मी गाडी चालवत नाही. सकाळी मुलाला घेऊन रस्ता ओलांडते. त्याच वेळी कार्यालयांकडे जाणारी वाहने आमच्या रस्त्याने आडवाट म्हणून जातात, कारण मुख्य रस्ता तुंबलेला असतो. कोंडीत गमावलेली मिनिटे येथे भरून काढली जातात, हे पाहून मला नेहमी वाटत आले आहे की तपासणी मुख्य रस्त्यावर नव्हे, तर तिथून फुटणाऱ्या गल्ल्यांमध्ये हवी. काही दिवस येथे पोलीस उभे राहिले तेव्हा वाहने खरोखर सावकाश जात होती. ते गेल्यावर आठवडाभरात सारे पूर्ववत झाले.

दुचाकीवरून घरपोच

घरपोच वस्तू पोहोचवण्याच्या कामात संध्याकाळची गर्दी हीच कमाईची वेळ असते. उशीर झाला की गुण कापणारी यंत्रणा दूर कुठेतरी बसलेली असते आणि दंडाची पावती मात्र माझ्या नावाने फाटते. वेगमर्यादा मान्य आहे. ती अशक्य करणारी वेळ ठरवून देणाऱ्यांची तपासणी कोणी करते का?

गणिताची शिक्षिका

घाईचा हिशेब एकदा करून पाहावा. १२ किलोमीटरचे अंतर ताशी ६० ने १२ मिनिटांत आणि ताशी ८० ने ९ मिनिटांत कापले जाते. वाचलेली ही तीन मिनिटेही वाटेत एकदाही थांबावे लागले नाही तरच हाती लागतात, म्हणजे गर्दीच्या वेळी जवळजवळ कधीच नाही. आता दुसरी बाजू. शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीचा वेग ताशी ५० आणि दुसरीचा ६० आहे, दोन्ही चालकांना प्रतिसादाला एक सेकंद लागतो आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक सारखेच चांगले आहेत, असे धरू. जिथे पहिली गाडी पूर्ण थांबते, तिथे दुसरी अजून ताशी सुमारे ४० ने धावत असते. शाळेसमोरच्या ताईंनी लिहिलेली भीती या आकड्यात आहे.

उड्डाणपुलावरच्या प्रश्नाला माझ्या मते सरासरी वेगाची मोजणी हे उत्तर आहे. दोन कॅमेरे क्रमांकपाटी टिपतात आणि मधल्या अंतराला लागलेल्या वेळेने भागतात, त्यामुळे कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून पुढे पुन्हा वेग वाढवण्यात काहीच लाभ राहत नाही. लंडनभोवतालच्या एम-२५ मार्गावर १९९५ पासून वाहतुकीनुसार वेगमर्यादा बदलण्याची पद्धत आली, तिच्यामागेही प्रवाह एकसारखा ठेवण्याचाच विचार होता.

दोन गाड्यांचा फोटो

मला आलेल्या नोटिशीतील छायाचित्रात दोन गाड्या शेजारीशेजारी होत्या आणि वेग मात्र एकच लिहिला होता. तो माझ्याच गाडीचा कशावरून, असे विचारल्यावर संबंधित कार्यालयाकडून छापील उत्तराखेरीज काही आले नाही. अशा वेळी काय मागावे?

निवृत्त वाहतूक पोलीस

मूळ छायाचित्रे सर्व मागावीत, कारण अनेक स्थिर कॅमेरे ठरावीक अंतराने दोन छायाचित्रे घेतात. रस्त्यावर ठरलेल्या अंतरावर आखलेल्या रेघा त्यांत दिसत असतील, तर प्रत्येक गाडी मधल्या काळात किती पुढे सरकली ते मोजता येते आणि उपकरणाचा आकडा कोणत्या गाडीशी जुळतो ते कळते. सोबत उपकरणाच्या अचूकता-तपासणीचे प्रमाणपत्रही मागावे आणि त्यावरची तारीख नोटिशीतील तारखेशी ताडून पाहावी. तोंडी विचारू नका, लेखी द्या आणि पोच घ्या.