मदत हवी आहे: ओल असलेल्या भिंतीवर म्युरल, वर गॅरंटी पण मागतायत. काय करू?

नमस्कार मंडळी, इथे रंगकाम-इंटिरियरवाले बरेच आहेत म्हणून विचारतेय. मी एटीडी (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) केलंय, शाळेतली नोकरी सोडली आणि आता लोकांच्या घरी भिंतीवर चित्रं, कॅनव्हास, नेमप्लेट जे मिळेल ते करते. राहते भांडुपला, कामं ठाण्यापासून पार्ल्यापर्यंत कुठेही.

आत्ता दादरला एक काम आलंय. जुनी बिल्डिंग, पहिला मजला, घरात काका-काकू दोघंच. हॉलमधली सोफ्यामागची भिंत, १२ बाय ९, म्हणजे १०८ स्क्वेअर फूट. त्यांना त्यांचं मालवणकडचं घर हवंय, अंगण, तुळशीवृंदावन, मागे पोफळी आणि लांबवर समुद्राची रेघ. ते घर आता त्यांचं राहिलं नाही, फोटो एकच आहे तोही कुणाच्या तरी लग्नातला आणि त्यात अर्धं घर मांडवामागे लपलंय. काकू म्हणतात ओटीला पाच पायऱ्या होत्या, काका म्हणतात चार, आणि मी पेन्सिल धरून मधे बसलेली. काम करायला मजा येणार यात वाद नाही.

घोळ आहे तो भिंतीचा. सोफा सरकवून बघितलं तर खालून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पेंट फुगलाय, नख लावलं की पापुद्रा निघतो आणि आत पांढरी भुकटी. भिंतीपलीकडे बाथरूम. काकूंचं म्हणणं, "अगं ते पावसाळ्याचं असतं, लांबी (पुट्टी) भरून घेऊ, तू दिवाळीच्या आत करून टाक." आणि वर एक वर्षाची गॅरंटी लिहून दे म्हणे.

गॅरंटी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण मागे एका घरी वरच्या फ्लॅटचं बाथरूम गळलं, माझ्या मोराची मान पोपड्यांसकट खाली आली आणि "तुमचा रंगच हलका होता" असं म्हणून त्यांनी राहिलेले पैसे बुडवले ते बुडवलेच. म्हणून आधीच विचारतेय, ही भिंत घ्यावी का, घेतली तर आधी काय करून घ्यायचं, गॅरंटीत काय लिहायचं, आणि स्क्वेअर फुटावर रेट सांगू की अख्ख्या कामाचा, कारण काका म्हणाले वॉलपेपरवाला याच्या निम्म्यात करून देतो. 🙄

परळचा_रंगारी:
ताई, ती पांढरी भुकटी म्हणजे लोणा लागलाय भिंतीला. पाणी विटा-सिमेंटमधले क्षार घेऊन बाहेर येतं, पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात आणि फुगून पेंटला ढकलतात. त्यावर लांबी भरली तर लांबीसकट पडणार, आणि पीओपी किंवा चॉकची लांबी असेल तर अजून लवकर, ती ओलीने पिठासारखी होते. तुमच्या मोराचं पण हेच झालं असणार, रंग कॅमलिनचा असो नाहीतर परदेशातला, मागून पाणी आलं तर कुणीच टिकत नाही.

पहिले टेस्ट करा. फूटभर पारदर्शक प्लास्टिक घ्या, भिंतीला चारी बाजूंनी टेप मारून पक्कं चिकटवा आणि दोन दिवस सोडून द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलं तर भिंतीतून पाणी येतंय, बाहेरच्या बाजूला धरलं तर ती खोलीतली दमट हवा. एक खाली लावा, एक वर छातीच्या उंचीला, म्हणजे ओल किती चढलीय ते कळेल. फोटो काढा, तारखेसकट.

मग बाथरूम. टाइल्सचे जॉइंट, नहाणी ट्रॅप (जमिनीतून सांडपाणी जातं तो), भिंतीतला पाइप, यातलंच काहीतरी असतं. ते झाल्याशिवाय भिंतीला हात लावू नका. नंतर खालचं कुजलेलं प्लास्टर विटेपर्यंत काढायचं, वॉटरप्रूफिंगचं केमिकल घालून नवं प्लास्टर, त्याला पाणी मारून झालं की निदान महिनाभर सुकू द्यायचं. नवं प्लास्टर "गरम" असतं, म्हणजे त्यात क्षार जास्त, लगेच रंग मारला तर काही शेड्स उडतात आणि पेंट चिकट राहतो. मग अल्कली-रेझिस्टंट (क्षार सहन करणारा) प्रायमर, सिमेंटबेस पुट्टी, पुन्हा प्रायमर. आणि हो, लोणा काढताना सुक्या ब्रशने झाडायचा, ओल्या फडक्याने पुसला की विरघळून परत आत जातो, आमच्याकडची पोरं हेच करतात कितीही सांगा. थोडक्यात दिवाळी विसरा.

धागाकर्ती:
दादा खूप आभार, पण दिवाळी विसरा हे काकूंना सांगायची हिंमत कुठून आणू 😅 कुणीतरी म्हणालं ऑइल पेंट मार, त्यातून पाणी येत नाही. खरंय का?

परळचा_रंगारी:
येत नाही म्हणूनच फोड येतो. पाणी मागून आहे ना ताई. आत कोंडलं की दुसरीकडून वाट काढतं, आज गुडघ्याला आहे ते उद्या कमरेला येईल.

कुंचला_आणि_कटिंग:
मी थोडं वेगळं सुचवतो. दादरची जुनी बिल्डिंग म्हणजे आज ना उद्या रीडेव्हलपमेंटला जाणारच ना? मग एवढा जीव ओतून केलेलं घर भिंतीसकट डेब्रिजच्या ट्रकमध्ये जाणार. भिंतीवर काढूच नका, प्लायवर काढा.

हिशोब बघा किती छान बसतोय. प्लायची शीट ८ बाय ४. तुमची भिंत १२ रुंद, म्हणजे तीन शीट उभ्या लावल्या की रुंदी बरोब्बर भरली. उंची ८ फूट मिळते, राहिलेला एक फूट खाली सोडा, तो सोफ्यामागे जातो आणि तिथून हवा खेळती राहते. जॉइंट येणार चार फुटांवर आणि आठ फुटांवर, तिथे पोफळीची खोडं आणा की, कुणाला दिसणार पण नाही. भिंतीवर आधी बॅटन (लाकडी पट्ट्या) मारायचे, मग त्यावर प्लाय, मागे इंचभर फट राहिली पाहिजे. मरीन प्लाय घ्या, शीटवर आयएस ७१० लिहिलेलं असतं ते बघून घ्या. एमडीएफ स्वस्त पडतं पण मुंबईच्या पावसात टोस्टसारखं फुगतं. प्रायमर मागच्या बाजूला आणि कडांना पण मारायचा, एकाच बाजूने मारला तर शीट वाकते.

वर आणि फायदा म्हणजे घरी बसून रंगवता येतं. सोसायटीचे कामाचे टायमिंग नकोत, वॉचमन नको, आणि काका-काकूंचा पायऱ्यांचा वाद मागे चालू नको.

परळचा_रंगारी:
आयडिया चांगली आहे पण प्लाय लावून ओल झाकायची नाही हं. मागे बुरशी आणि वाळवी, दोन्ही फुकट मिळतात. बाथरूम दुरुस्त झालंच पाहिजे. फक्त महिनाभर प्लास्टर सुकायची वाट बघताना तुमचं चित्र घरी चालू राहील, तेवढा वेळ वाचतो.

कलम_सतरा:
वकील आहे, पण याला सल्ला म्हणून फी लावत नाही. गॅरंटी "चित्राची" देऊ नका, "कामाची" द्या. म्हणजे असं लिहा की रंग आणि वॉर्निश यांच्या दोषामुळे काही झालं तर एक वर्ष मी फुकट दुरुस्त करेन, ओल, गळती, भिंतीला तडा किंवा दुसऱ्या कुणी ड्रिल मारल्यामुळे झालं तर दुरुस्तीचे पैसे वेगळे. खाली त्या प्लास्टिक टेस्टचे फोटो जोडा आणि काकांची सही घ्या. व्हॉट्सॲपवर "ओके" आलं तरी नसण्यापेक्षा बरं.

पैसे तीन टप्प्यांत घ्या, स्केच पास झाल्यावर, निम्मं काम झाल्यावर, आणि शेवटचा हप्ता छोटा ठेवा. बुडाला तरी जीव जाणार नाही इतका छोटा.

अजून एक गोष्ट बऱ्याच चित्रकारांना माहीत नसते. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. कुणी पैसे देऊन तुमच्याकडून पेंटिंग करून घेतलं आणि वेगळं काही ठरलं नसेल तर कॉपीराइटचा पहिला मालक ते पैसे देणारा. तुम्ही नाही! म्हणून तुम्हाला इन्स्टावर टाकायचं असेल, प्रिंट काढायच्या असतील, तर ॲग्रीमेंटमध्ये एक ओळ घाला की कॉपीराइट चित्रकाराकडे. नाव मात्र तुमचंच राहतं, कलम ५७ प्रमाणे. त्यावरची गाजलेली केस पण म्युरलचीच आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझ म्युरल सरकारने १९७९ मध्ये उतरवलं, ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने म्युरल परत करायला आणि वर ५ लाख द्यायला लावले.

भिंतीलाही_कान:
सव्वीस वर्षं भांडले का ते? काकू तेवढ्या वेळात पायऱ्या पण मोजून घेतील.

कलम_सतरा:
दावा १९९२ चा होता. तरी तेरा झालीच म्हणा 😄

कुंचला_आणि_कटिंग:
रेटचं राहिलंच. स्क्वेअर फूट हा पेंटरचा हिशोब आहे. दहा फूट आकाश आणि दहा फूट कौलं याला सारखा भाव कसा लावणार, एकेक कौल काढायचंय तुम्हाला. डिझाइनचे वेगळे घ्या आणि ते परत न मिळणारे ठेवा, कारण लोक स्केच घेतात आणि दुसऱ्याकडून स्वस्तात करून घेतात. मटेरियल, बॅटन, सुतार, टेम्पो वेगळं बिल. वॉलपेपरवाल्याशी तुलना करणाऱ्या काकांना एवढंच विचारा, त्याच्या कॅटलॉगमध्ये तुमची ओटी आहे का?

आणि कोणत्या बाजूला खिडकी आहे ते बघा. पश्चिमेचं ऊन थेट पडत असेल तर भडक गुलाबी आणि फ्लोरोसंट शेड टाळा, लवकर उडतात. गेरू, पिवळी माती, अंबर (तपकिरी माती) हे मातीचे रंग वर्षानुवर्षं हलत नाहीत, आणि कोकणातलं घर तसंही त्याच रंगांचं. वापरलेल्या प्रत्येक मिक्सचा थोडा रंग छोट्या डबीत घट्ट बंद करून काकूंकडेच ठेवून द्या, टचअपला तोच लागतो, नव्याने कालवलेला कधीच जुळत नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. प्लास्टिक लावून आले होते, खालचं आतून चिंब, वरचं कोरडं. फोटो दाखवल्यावर काका लगेच तयार झाले, बाथरूमवाला येऊन बघून गेला, नहाणी ट्रॅपच फुटलाय. काकू दिवाळीवरून थोड्या हिरमुसल्या पण प्लायचं ऐकून एकदम खूश, "म्हणजे नव्या घरात पण नेता येईल" म्हणाल्या. कलम सतरा, तुमची ओळ घातली, काकांनी न वाचताच सही केली.

आता शेवटचं. बिल्डिंगला लिफ्ट नाही, जिना लाकडी, अरुंद आणि दोनदा वळतो. ८ फुटी शीट, तीही रंगवलेली, वर कशी न्यायची?

परळचा_रंगारी:
जिन्यातून नेऊच नका, वळणावर कोपरे घासणार. रस्त्याच्या बाजूला गॅलरी आहे ना? शीट गोधडीत गुंडाळायची, दोन दोर, वर दोन माणसं, खाली एक. पहिलाच मजला आहे, दहा मिनिटांचं काम. फक्त सकाळी लवकर बोलवा, खाली गाड्या लागायच्या आत, आणि गॅलरीच्या ग्रिलची खिडकी किती उघडते ते आजच मोजून घ्या.