मदत हवी आहे: उत्खनन शिबिरात थर ओळखायचे कसे?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, एम.ए.च्या पहिल्या वर्षाला. मे महिन्यात भीमेकाठच्या एका पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, दहा दिवसांचं शिबिर आहे, त्यात माझा नंबर लागलाय. "एवढ्या उन्हात माती उकरायला जातेस, वर पैसेही भरतेस?" असं बाबा रोज विचारतात. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्याकडेही मागत नाही.

अडचण वेगळीच आहे. जानेवारीत सरावाच्या खड्ड्यावर उभ्या कडेचं चित्र काढायचं होतं. सरांनी विचारलं, किती थर? मी म्हटलं दोन. मैत्रिणीनं पाच मोजले. मला वरपासून खालपर्यंत एकच भुरकट भिंत दिसत होती. शेवटी तिचं बघून रेघा मारल्या, बारावीतसुद्धा केलं नव्हतं ते. मे महिन्यात तर माती आणखी वाळलेली असणार. यावर काही युक्ती आहे का?

दुसरं, आधी तेरला जाऊन लामतुरे संग्रहालयातली खापरं बघून ठेवू का? तेर म्हणजे प्राचीन काळचं तगर हे व्यापारी गाव, तिथलं कापड गाड्या भरून भडोचला जायचं, एवढं पाठ आहे. पण हातात खापर आलं की मी गडबडते. मागे नदीकाठी सापडलेला एक तुकडा खिशात टाकून आणला. सरांनी विचारलं, नेमका कुठं होता? "त्या तिकडं." ते म्हणाले, जागाच माहीत नाही, मग आता हा खडाच समज.

प्रतिसाद:
ताई, तेरला जरूर जा, पण काचेबाहेरून खापर कळत नाही. ते शिबिरात धुताना कळेल. थरांचं म्हणाल तर आधी कड थापीनं खरवडून ताजी करा, मग फवाऱ्यानं हलकं पाणी मारा. ओलं झालं की राख, चिकणमाती, चोपलेली जमीन यांचे रंग वेगळे दिसतात. वाळायच्या आत खिळ्यानं रेघ ओढून घ्या. डोळ्यांवर भरवसा नसेल तर थापीचं टोक लावून बघा: राखेत भसकन जातं, चोपलेल्या जमिनीवर टक्क वाजतं. आणि वरच्या थरातून खाली खणलेला जुना खड्डा किंवा उंदराचं बीळ असेल तर ते वेगळं दाखवा, नाहीतर कालचं खापर हजार वर्षांच्या थरात मोजाल. अवकाळीसाठी ताडपत्री आहे का, तेवढं आयोजकांना विचारा.

मूळ लेखिका:
आभारी आहे दादा! आईचा इस्त्रीचा फवारा आत्ताच बॅगेत टाकलाय. तिला अजून सांगितलेलं नाही.