वस्तीवर राहणाऱ्याने शस्त्र कधी उचलावे आणि कधी खाली ठेवावे?

चर्चेचा प्रस्ताव : द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

आमची वस्ती गावापासून दीड किलोमीटरवर, बागेतच आहे. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणी नुकतीच उरकली असताना रात्री अडीचच्या सुमारास तिघांनी मागच्या दाराचा कोयंडा कटावणीने उचकटला. त्यांनी आईच्या मानेला सुरा लावून बोरमाळ आणि पाटल्या काढून घेतल्या. कानातली फुले निघेनात, तेव्हा एकाने ती सरळ ओढली. तिच्या उजव्या कानाची पाळी आजही दुभंगलेली आहे. पोलीस पाऊण तासाने आले आणि त्याबद्दल मी त्यांना बोल लावत नाही, कारण अंतरच तेवढे आहे. प्रश्न त्या पाऊण तासाचा आहे.

भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांनी खासगी बचावाचा हक्क दिला आहे. जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, तर कलम ३८ हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत मुभा देते. जबरी चोरी आणि सूर्यास्तानंतरची घरफोडी यांसाठी कलम ४१ तीच मुभा देते. साताऱ्यात जन्मलेले आणि पुढे सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी १९६२ च्या जयदेव खटल्यात म्हटले होते की, हल्ल्यात सापडलेल्या माणसाने किती बळ वापरले हे न्यायालयातल्या निवांतपणाच्या मापाने जोखणे योग्य नाही. असे असताना एकाकी वस्तीवरच्या शेतकऱ्याला बंदुकीच्या परवान्यासाठी खेटे का घालावे लागतात, आणि त्याने ती चालवलीच तर आधी त्यालाच आरोपी का व्हावे लागते? याच मातीत प्रतिसरकारच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी गावगुंडांना पत्रीची, म्हणजे तळपायांवर फटके मारण्याची, शिक्षा देऊन वठणीवर आणले होते. तेव्हा ते योग्य होते, तर आज दार राखणाऱ्याने मागे का राहावे, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद : वकील, सातारा

आपल्या आईंवर जे गुदरले ते वाचून फार वाईट वाटले. त्या रात्री ते तिघे घरात असेपर्यंत आपण त्यांच्यापैकी कुणावर वार केला असता, तर कायदा बहुतांशी आपल्या बाजूने उभा राहिला असता. मात्र जयदेव खटला आपण अर्धाच सांगितला आहे. शेताच्या ताब्यावरून तिथे वाद झाला होता, जमाव चालून आला होता आणि आरोपींना बचावाचा हक्क होता, हे न्यायालयाने मान्य केले; परंतु हल्लेखोर पांगून पळू लागल्यावरही गोळ्या झाडल्या गेल्या, म्हणून खुनाचा दोष कायम राहिला. आपण ज्या न्यायमूर्तींचा दाखला दिलात त्यांच्याच लेखणीतून त्याच निकालपत्रात हेही उतरले आहे, आणि वकिली करताना या दोन गोष्टी मी कधीच वेगळ्या वाचत नाही. हक्क भीतीबरोबर सुरू होतो आणि भीतीबरोबर संपतो. कलम ३७ त्याला आणखी एक बांध घालते : बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला सवड असेल तर हा हक्कच मिळत नाही. आपल्या पाऊण तासात ती सवड नव्हती, हे मी मान्य करतो.

पण विहिरीवरच्या मोटारीची केबल कापणाऱ्याचे काय? तांब्यासाठी होणारी ही चोरी आपल्या भागात नेहमीची आहे. त्याला अडवता येते, झटापट करून धरता येते. पण तो अंगावर आला नसेल, तर उघड्या रानातल्या साध्या चोरीसाठी जीव घेण्याची परवानगी कलम ४१ देत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना नेमके हेच ठाऊक नसते.

प्रतिसाद : द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

भीती कधी संपली हे ठरवणार कोण? पळणारा माणूस बांधाआड थांबून वळणार नाही, हे अंधारात मला कसे कळावे? बॅटरीच्या उजेडात मला जेमतेम दहा पावले दिसत होती.

प्रतिसाद : वकील, सातारा

त्याची दखल कायदा घेतो. बचावाचा हक्क होता हे आरोपीने दाखवायचे असले, तरी ते संशयातीत सिद्ध करावे लागत नाही. तसे घडले असण्याची शक्यता अधिक आहे एवढे दिसले तरी पुरते. मर्यादा ओलांडली गेली पण ती सद्भावनेने आणि सूड मनात न धरता, असे दिसले, तर कलम १०१ च्या अपवादाने खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरतो. तरीही गुन्हा नोंदला जातो, शस्त्र जप्त होते आणि वर्षानुवर्षे तारखा पडतात, ही आपली तक्रार खरी आहे. तिला माझ्यापाशी उत्तर नाही.

प्रतिसाद : शिक्षिका, जत तालुका

येथे रास्त भीती हा शब्द फार सहज वापरला जातो आहे. २०२२ च्या सप्टेंबरात आमच्या तालुक्यातल्या लवंगा गावी, पंढरपूरच्या वाटेवर असलेल्या चार साधूंना मुले पळवणारे समजून लोकांनी पट्ट्याने आणि काठ्यांनी मारले. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण अशाच संशयावरून ठार झाले. त्यांतले बहुतेक आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत तिकडे गेले होते. मारणाऱ्यांना विचारले असते, तर त्यांनीही मुलांचे रक्षण करतो आहोत, असेच सांगितले असते आणि त्यातल्या कित्येकांच्या मनातली भीती खोटी नव्हती. ती रास्त मात्र नव्हती. तुमच्या दारात कटावणी घेतलेला माणूस होता. पण परवाना मिळालेली प्रत्येक बंदूक तशाच माणसासमोर उचलली जाईल, असे कसे धरायचे? भटक्या जमातीची पाले आमच्या माळावर दर वर्षी पडतात. रात्री पाण्याची घागर घेऊन वस्तीकडे येणारी त्यांची बाई अंधारात कशी दिसेल, याचाही विचार या चर्चेत व्हायला हवा.

प्रतिसाद : शेतकरी, पाटण तालुका

आमच्याकडे माणसापेक्षा रानडुकराचा त्रास मोठा आहे. पीक राखण्यासाठी आजोबांच्या नावावर ठासणीची बंदूक होती आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होत असे. आता बंदुकीऐवजी कुंपणाच्या तारेत वीज सोडणारे लोक सर्रास दिसतात. त्या तारेला चिकटून पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी मेला, तर पीक वाचवत होतो असे म्हणून सुटका होत नाही, कारण तार लावणारा घरात झोपलेला असतो आणि त्या क्षणी त्याच्यावर कोणी चालून आलेले नसते.

प्रतिसाद : निवृत्त मुख्याध्यापक, पलूस तालुका

प्रतिसरकारचा दाखला मी पुढे जाऊ देऊ शकत नाही, कारण त्या माणसांच्या मांडीवर बसून मी त्या गोष्टी ऐकल्या आहेत. १९४३ नंतर या भागात जे उभे राहिले, ते परकी सत्ता झुगारून उभारलेले दुसरे सरकार होते. त्याची न्यायदान मंडळे होती आणि कुंडलची तुफान सेना शिस्तीने बांधलेली होती. कोण गुन्हेगार हे एकट्या माणसाने उंबऱ्यात उभे राहून ठरवावे, असा त्याचा अर्थ लावणे हा त्या लोकांवर अन्याय आहे. शिवाय पत्री ही शिक्षा होती, बचाव नव्हता. आज शिक्षा देण्याचा अधिकार तुमच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही.

प्रतिसाद : द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

शिक्षा आणि बचाव यांची मी गल्लत केली, हे मान्य करतो. एक गोष्ट प्रस्तावात लिहिली नव्हती, ती आता लिहितो. ते तिघे निघाले तेव्हा मी कोयता घेऊन मागे धावलो. त्यांतला शेवटचा ठिबकच्या नळीत पाय अडकून दुसऱ्या ओळीत पालथा पडला. त्याच्या हातात काहीच नव्हते. पाटल्या पुढच्याकडे होत्या. मी कोयता उगारला होता आणि त्याने दोन्ही हातांनी डोके झाकले होते. तेवढ्यात आईने माझ्या नावाने हाक मारली, म्हणून माझा हात थांबला. त्या वेळी मला एकही कलम ठाऊक नव्हते. तो उठून पळाला आणि आजतागायत सापडलेला नाही.

वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून पाहिले, तर त्या क्षणी माझा हक्क संपलेला होता. हातात कोयत्याऐवजी बारा बोअर असती, तर आईची हाक माझ्यापर्यंत वेळेत पोचली असती का, हे मला सांगता येत नाही. तरीही परवान्याचा अर्ज मी मागे घेणार नाही. आई अजून त्याच खोलीत झोपते आणि मागच्या दाराला मी नवा कोयंडा बसवला आहे.