४.१० च घ्या, हे सरसकट पटत नाही
"डिझेल पिकअपने ट्रेलर ओढायचाय तर डोळे झाकून ४.१० घ्या" असं या चर्चेत वर म्हटलंय. (४.१०, ३.७३ हे अ‍ॅक्सल रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी ड्राइव्हशाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा.) थोडं गणित करू. ३३ इंची टायर, सहाव्या गिअरचा रेशो ०.६३, ताशी ६५ मैल. ३.७३ ला इंजिन साधारण १५५५ आरपीएमवर फिरतं, ४.१० ला १७१०. फरक दीडशेचा! चाकाला मिळणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) मात्र दहा टक्के वाढतो. १८-२० हजार पौंडांचा फिफ्थ व्हील (पिकअपच्या हौद्यात जोडायचा जड ट्रेलर) घेऊन कोलोरॅडोत आय-७० महामार्गाचा घाट वारंवार चढणार असाल, तर ते दहा टक्के कामाचे. माझा ट्रेलर भरून जेमतेम ११ हजार पौंड. चढ आला की टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरबॉक्सची सेटिंग) आपणहून पाचव्यात उतरतो, ३.७३ ला तेवढ्यावर भागतं. उरलेले दहा महिने गाडी रिकामीच पळते, तेव्हा डिझेलही वाचतं.

एक मात्र विसरू नका. पुढे हौसेने ३५ इंची टायर चढवलेत, तर तुमचा ३.७३ जवळपास ३.५२ सारखा वागतो. मग अ‍ॅक्सलमधले गिअर बदलून दुसरा रेशो बसवायची वेळ आली की फोर बाय फोरला पुढचा आणि मागचा, दोन्ही अ‍ॅक्सल उघडावे लागतात. खिसा तिथे रिकामा होतो.