नववीला तुकोबा आणि नेटवरचा शोध: काम नेमकं द्यायचं कसं?

शाईचा_डाग:
नमस्कार मंडळी. मी नववीला मराठी शिकवते, तालुक्याच्या गावातलं हायस्कूल, लॅबमध्ये चालू असलेले कॉम्प्युटर ११ आणि वर्गात मुलं ५२. यंदा प्रकल्प वहीसाठी सांगितलं की प्रत्येक गटाने तुकोबांचा एक अभंग नेटवरून शोधायचा, अर्थ लिहायचा आणि वर्गात म्हणून दाखवायचा. तर ९ पैकी ६ गटांनी 'संत तुकारामांची माहिती' असा एकच निबंध शुद्धलेखनाच्या चुकांसकट उतरवून आणला, जन्म, गाव, वैकुंठगमन, संपलं.
आणि एका गटाने 'आधी बीज एकले' आणला. चालीत म्हटला, इतका गोड म्हटला की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प. मी स्वतः टाळ्या वाजवल्या. घरी येऊन म्हटलं गाथेतला नंबर लिहून ठेवू, तर सापडेचना, रात्री ११ पर्यंत पानं उलटतेय, शेवटी कळलं की ते शांताराम आठवल्यांचं, १९३६ च्या प्रभातच्या 'संत तुकाराम' सिनेमासाठी लिहिलेलं. १५ वर्षं शिकवतेय हो मी!
आता सोमवारी वर्गात काय तोंडाने सांगू, आणि पुढच्या वेळी काम असं कसं देऊ की मुलं खरंच काही शोधतील? हेडसरांचं म्हणणं एवढं करण्यापेक्षा स्मार्ट बोर्डवर व्हिडिओ लावा.

वहीचं_मागचं_पान:
मॅडम, जे इथे लिहिलंत तेच्या तेच वर्गात सांगा. बाई फसल्या म्हटल्यावर पोरं कान टवकारतात, स्वानुभव आहे.
माझ्या मते चूक त्या गटाची नाहीच, प्रश्नाची आहे. 'माहिती शोधा' म्हटलं की माहितीच येणार. मी आता उलटं करतो, ५ ओळी फळ्यावर लिहितो आणि विचारतो की यातल्या तुकोबांच्या कुठल्या, आणि कशावरून. 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं' टाकतो, 'आधी बीज' टाकतो, 'इंद्रायणी काठी' तर हमखास टाकतो, कारण भीमसेनांच्या आवाजात ऐकलं की कुणालाच शंका येत नाही आणि ते आहे गदिमांचं, १९५३ च्या 'गुळाचा गणपती'मधलं. मग मुलं विकिस्रोतवरची गाथा उघडतात, कुणी गाण्याच्या साइटवर गीतकाराचं नाव बघतं, दोन्हीकडे वेगळं निघालं की भांडतात. तेवढं भांडण झालं की माझा तास वसूल.
तुमच्या त्या गटाला मात्र पैकीच्या पैकी द्या, त्यांनी निदान म्हणून तरी दाखवलं.

टाळकरी:
माझं मत जरा कडू लागेल. आमच्या घरात वारी आहे, गाथा रोज उघडली जाते, त्यामुळे म्हणतो, नववीच्या पोराला आधी ते पुस्तक हातात द्या, वजन कळू दे, नेट नंतर. व्हॉट्सॅपवर तर कुठल्याही ओळीखाली 'तुका म्हणे' चिकटवतात आणि लोक सकाळी सकाळी हात जोडून पुढे ढकलतात. 'आधी बीज'मध्ये 'तुका म्हणे' नाही हे खरं, पण मुद्रा, म्हणजे अभंगात गुंफलेलं कवीचं नाव, असली की अभंग खरा असा नियम मुलांना शिकवू नका. गाथेतच 'तुकयाबंधु' अशी मुद्रा असलेले अभंग आहेत, ते धाकट्या भावाचे, कान्होबांचे.
एक विचारतो, मुलं 'गाथेत आहे' म्हणतात तेव्हा कुठल्या गाथेत? दोन प्रतींत एकाच अभंगाचे नंबर वेगळे येतात, पाठही, म्हणजे ओळींतले शब्दही, वेगळे.

मोल्सवर्थचा_नातू:
टाळकरीकाकांचा शेवटचा प्रश्न लाखाचा, पण त्यासाठीच तर नेट हवं. शंकर पांडुरंग पंडितांच्या संपादनातली इंदुप्रकाश छापखान्याची गाथा, १८६९ आणि १८७३ असे दोन भाग, गावातल्या शाळेला कोण आणून देणार? जुन्या गाथांची स्कॅन केलेली पानं इंटरनेट अर्काइव्हवर फुकट बघता येतात.
ताई, मी एक शब्द देऊन बघा म्हणेन. अख्खा अभंग नको, एकच शब्द. 'कन्या सासुऱ्यासि जाये' घ्या, त्यात 'जीवनावेगळी मासोळी' येतं. विचारा, जीवन म्हणजे काय? सगळे म्हणतील आयुष्य. मग शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी शब्दकोश आहे, शब्द टाकला की अर्थ येतात, इंग्रजीत येतात पण नववीला झेपतं, आणि तिथे पाणी हा अर्थ सापडला की मासोळी का तळमळते ते तुम्हाला सांगावं लागत नाही. कुणीतरी नक्की विचारेल की आता असं कोण बोलतं, तर गावाच्या पाण्याच्या टाकीवरची पाटी वाचायला लावा, 'महाराष्ट्र जीवन प्राधिकरण' 😄
आणि हो, शोधताना आजचं स्पेलिंग चालत नाही हे आधीच सांगून ठेवा. पोरं 'झाले' टाइप करतात, गाथेत 'जालें' असतं, मग 'सर हा अभंगच नाहीये' म्हणून मोकळी.

शाईचा_डाग:
जालें! अहो माझंही तिथेच अडलं असणार, मी पण सगळं आजच्या पद्धतीनेच टाइप करत होते. 'आधी बीज' अर्थात कसंही टाइप केलं तरी मिळालं नसतं म्हणा.
काका, गाथा हातात देते, लायब्ररीत एक प्रत आहे, कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे असते आणि ते शनिवारी नसतात. जीवनचा तास मंगळवारी घेते, ११ कॉम्प्युटर म्हणजे एकावर पाच जण बसवावे लागतील. टाकी शाळेच्या मागेच आहे, पाटीवरचं नाव अजून वाचता येतं का ते उद्या जाता जाता बघून येते.

वहीचं_मागचं_पान:
फोटो टाका.